उभी बाटली

माझी मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिनं दोन कामं हातावेगळी केली. एक म्हणजे गुडघ्यांचं ऑपरेशन आणि दुसरं म्हणजे गावातलं दारूचं दुकान. ज्यांच्या गावावर अशी वेळ आली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात असं दुकान बंद करायचं तर आधी सह्या गोळा कराव्या लागतात, त्या सह्यांची पडताळणी होते आणि मग रीतसर मतदान. मतपत्रिकेवर उमेदवार दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान हवं असेल त्यानं उभीवर शिक्का मारायचा, नको असेल त्यानं आडवीवर. मेख अशी की आडव्या बाटलीला नुसतं निवडून येऊन भागत नाही, मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त लोकांची मतं पडावी लागतात. आमदारांना ही अट लावली तर विधानसभेचं कँटीन बंद करावं लागेल. मावशीच्या गावानं ती पुरी केली.

अशा बाईला तिच्या सख्ख्या भाच्यानं लंडनहून फोन करून सांगायचं होतं, की आमच्या कोपऱ्यावरचा पब पाडून तिथं फ्लॅट होणार आहेत आणि तो वाचवायला मी दारोदार सह्या गोळा करतोय.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, ‘‘तू प्यायला लागलास?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मग तर जास्तच वाईट. पिणाऱ्याचं निदान समजू शकते.’’

तिला पब समजावून सांगणं सोपं नव्हतं. आपल्या डोळ्यांसमोर असते ती परमिट रूम. 1949 च्या दारूबंदी कायद्यापायी महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळ आजही परवाना असावा लागतो, आणि परमिट रूममधला उजेड असा बेतलेला असतो की शेजारच्या टेबलावर आपले सासरे बसले असले तरी दोघांनाही ते कळू नये. लंडनच्या गल्लीतला पब उघडावाघडा. रस्त्याकडे मोठ्या खिडक्या. दुपारी गेलात तर एक आजीबाई अर्धा पाइंट समोर ठेवून शब्दकोडं सोडवत असतात, एका टेबलाखाली कुत्रा झोपलेला असतो आणि बाबागाडीतलं मूल चिप्सचं रिकामं पाकीट चघळत असतं. बारशाची पार्टी तिथंच, स्मशानातून परतल्यावरचं बसणंही तिथंच. बुधवारी क्विझ, रविवारी भाजलेलं मटण आणि बटाटे. खालचा गालिचा कोणत्या रंगाचा होता हे सांगू शकणारी पिढी आता हयात नाही, पण त्यावर बूट चिकटतो हे मी स्वतः अनुभवलेलं आहे.

‘‘बायका जातात?’’ मावशीनं विचारलं.

‘‘जातात. चालवतेही बाईच.’’

‘‘पगाराच्या दिवशी बायका नवऱ्यांना शोधायला जातात का?’’

‘‘नवरेच बायकांना शोधायला येतात कधीकधी.’’

‘‘हं,’’ मावशी म्हणाली. हा तिचा ‘हं’ मतदारयादी हातात आल्यावरचा असतो. ‘‘किती घरं आहेत गल्लीत?’’

त्या क्षणापासून वायव्य लंडनमधल्या एका पबच्या बचाव समितीला सातारा जिल्ह्यातून मार्गदर्शन मिळू लागलं. तिच्या सूचना स्पष्ट होत्या. संध्याकाळी जेवणाच्या वेळी जायचं नाही, माणूस सही देतो पण शिव्याही देतो. दार पुरुषानं उघडलं तर बाईला हाक मारायला सांगायचं. विरोधकाच्या घरी सगळ्यात आधी जायचं, म्हणजे तो शेवटी गेल्याची तक्रार करणार नाही. पेन आपलं न्यायचं, आणि दोन न्यायची. लंडनमधल्या एका जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले आमचे समिती सदस्य ‘मोहिमेची रणनीती’ म्हणून जे सोळा स्लाइडमध्ये सांगत होते, त्यात पेनाचा उल्लेख नव्हता.

प्रकरण सुरू झालं ते विजेच्या खांबावर प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेल्या एका कागदापासून. इथं मोठं बांधकाम करायचं तर कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, असा कागद लावते आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवते. कागद लॅमिनेट केलेला असतो, त्यामुळे पावसात भिजत नाही आणि कुणी वाचतही नाही. आमच्या कुत्रेवाल्या शेजाऱ्यानं तो वाचला, कारण कुत्र्याला त्याच खांबाशी काम असतं आणि ते तो वेळ घेऊन करतो. त्या कागदात लिहिलं होतं, की वरच्या मजल्यांवर आणि मागच्या अंगणात नऊ फ्लॅट आणि तळमजल्यावर ‘लवचिक व्यावसायिक जागा’. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी पुनर्विकासाची सर्वसाधारण सभा पाहिली आहे, त्यांना ‘लवचिक’ म्हटलं की पोटात गोळा येतो. मी डोंबिवलीत वाढलो. मला कळलं.

मग पहिली बैठक, अर्थात पबमध्येच. त्या रात्री तिथं उभं राहायला जागा नव्हती. ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं अशी माणसं पबविषयी गहिवरून बोलत होती. एकानं सांगितलं, या पबशी माझं तीस वर्षांचं नातं आहे, आणि मग स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारलं. एक बाई म्हणाल्या, आमचं पहिलं भेटणं इथंच झालं. नवरा म्हणाला, ते पलीकडच्या रस्त्यावरच्या पबात झालं, तिथं आता जिम आहे. बारमागे उभी असलेली मालकीण हे सगळं ऐकत ग्लास पुसत होती. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘‘तुम्ही सगळे मंगळवारी कुठं असता?’’ सभेनं तो प्रश्न नोंदवून घेतला आणि पुढच्या विषयाकडे वळली.

हरकती लिहिण्यातही शास्त्र आहे. माझ्या खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, ही हरकत धरत नाहीत. माझ्या घराची किंमत घसरेल, हीही धरत नाहीत. अर्जदार हलकट आहे हे कारण तर अजिबात चालत नाही, पुराव्यानिशी दिलं तरी नाही. चालतं ते असं: उजेड अडेल, वाहतूक वाढेल, परिसराचं स्वरूप बिघडेल, सार्वजनिक उपयोगाची जागा नष्ट होईल. आमच्या गल्लीनं लिहिलेल्या हरकतींत मात्र पहिल्या तिन्ही प्रकारांचीच रेलचेल होती. एका आयरिश आजोबांनी चार पानं लिहिली. त्यातली साडेतीन बिल्डरच्या वंशावळीवर होती आणि उरलेल्या अर्ध्या पानात त्यांनी गिनेसच्या फेसाची जाडी दिली होती. ती पानं मी मावशीला भाषांतर करून वाचून दाखवली. तिला ते आजोबा फार आवडले.

बैठकीत कुणी ना कुणी कार्लटन टॅव्हर्नचं नाव काढतंच. ज्ञानेश्वरांनी चालवलेल्या भिंतीसारखी ती आमच्या भागातली श्रद्धेची गोष्ट आहे, फरक एवढाच की ही भिंत आधी पाडली गेली होती. किलबर्नजवळच्या कार्लटन व्हेल रस्त्यावरचा हा पब 1920-21 साली चॅरिंग्टन या बिअर कंपनीनं बांधला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात आजूबाजूच्या इमारती गेल्या, हा उभा राहिला. पुढे तो ज्या कंपनीच्या हाती गेला तिला तिथं दहा फ्लॅट हवे होते. वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं जानेवारी 2015 मध्ये नाही म्हटलं. पाडकामाची परवानगी जर्मन वायुदलाकडे नव्हती, या मालकाकडेही नव्हती, पण मालकाकडे बुलडोझर होता. ईस्टरच्या सोमवारी पब चालवणाऱ्या बाईंना सांगितलं गेलं, की सामानाची मोजदाद करायची आहे, आज बंद ठेवा. बुधवारी पब आडवा. वारसा इमारत म्हणून त्याची नोंद अगदी तोंडावर आलेली होती.

हे ऐकून मावशी म्हणाली, ‘‘यात सांगण्यासारखं काय? मग दंड भरला असेल आणि नियमित करून घेतलं असेल.’’

‘‘नाही. कौन्सिलनं हुकूम काढला. होता तसा परत बांधा, विटेला वीट लावून.’’

‘‘कुणाला?’’

‘‘पाडणाऱ्याला.’’

‘‘आणि त्यानं बांधला?’’

‘‘आधी अपील केलं, चौकशी झाली, अपील फेटाळलं. मग बांधला.’’

मावशीनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. निम्मी गोष्ट मी मनाची घातली असेल असं तिला वाटत होतं.

खरी चतुराई शेजाऱ्यांची. मालकाची लक्षणं पाहून त्यांनी आधीच वारसा खात्याच्या मागे लागून इमारतीची पाहणी करवून घेतली होती. खात्यानं फोटो काढले, फरशांचे प्लास्टरचे साचे घेतले. त्यामुळे ‘आता तो कसा होता हे कुणाला आठवतंय’ हे जे आपल्याकडचं ब्रह्मास्त्र आहे ते चाललंच नाही. कार्लटन एप्रिल 2021 मध्ये पुन्हा उघडला. सहा वर्षं भांडून एकेक फरशी, एकेक नक्षी आतल्या भिंतींवर जशीच्या तशी आणली, आणि उघडला तेव्हा कोरोनाच्या नियमांमुळे गिऱ्हाइकाला फक्त बाहेर बसायची मुभा होती. लोक थंडीत कुडकुडत बाहेर बसले आणि खिडकीतून आपला विजय पाहत राहिले.

आणखी एक योगायोग मला फार भावतो. ज्या एप्रिल 2015 मध्ये कार्लटन पाडला, त्याच एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. कार्लटन उघडला त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे 2021 मध्ये, राज्य मंत्रिमंडळानं चंद्रपूरची बंदी उठवली. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची ओळख नसावी. असती तर निदान एक अभ्यासदौरा निघाला असता.

कार्लटनच्या निकालानं धडा बसला असं म्हणावं तर 2023 च्या ऑगस्टमध्ये स्टॅफर्डशायरमधल्या हिमली गावचा ‘क्रुकेड हाऊस’ आगीत जळाला आणि दोन दिवसांत जमीनदोस्त झाला. अठराव्या शतकातली ही इमारत खालच्या कोळशाच्या खाणींमुळे एका बाजूला खचून अशी कलली होती, की टेबलावर ठेवलेली गोटी चढाला लागल्यासारखी वाटे. पुढच्या फेब्रुवारीत कौन्सिलनं हुकूम काढला: होता तसा बांधा. म्हणजे वाकडा. वाकडं बांधून ते सरळ असल्याचा दाखला मिळवणारे इंजिनिअर आपल्याकडे मुबलक आहेत. पण रीतसर परवानगीनं, मोजून, सरकारी देखरेखीखाली वाकडं बांधायचं म्हणजे वेगळंच कौशल्य.

पण आमच्या समितीला खुणावत होता तो आग्नेय लंडनमधल्या नन्हेडचा ‘आयव्ही हाऊस’. 2012 मध्ये मालक कंपनीनं तो विकायला काढला आणि चालवणाऱ्यांना काही दिवसांत निघायला सांगितलं. 2011 च्या एका कायद्यानं इथं लोकांना असा हक्क दिलाय, की एखादी जागा समाजाच्या उपयोगाची आहे अशी कौन्सिलकडे नोंद करायची. मग मालकाला ती परस्पर विकता येत नाही. आधी सहा आठवडे वाट पाहायची, आणि लोकांनी इच्छा दाखवली तर एकूण सहा महिने. तेवढ्यात लोकांनी पैसे उभे करायचे. मालकावर त्यांनाच विकायची सक्ती नाही, हे कायद्यातलं बारीक अक्षर. अशी नोंद झालेला इंग्लंडमधला पहिला पब म्हणजे आयव्ही हाऊस. कर्ज, अनुदान आणि 371 सभासदांचं भागभांडवल मिळून 2013 मध्ये 8 लाख 10 हजार पौंडांना तो लोकांनी विकत घेतला. भाग कितीही असोत, मत एकच.

हे ऐकताना समितीतल्या इंग्रजांचे डोळे चमकत होते आणि मला भरून येत होतं, कारण या विषयात आपलं घराणं मोठं. सहकाराचं बी रॉचडेलच्या कामगारांनी 1844 साली रुजवलं खरं, पण त्याला ऊस आला तो प्रवरानगरला. 1950 पासून आपण सहकारात साखर केली, साखरेतून मळी, मळीतून अल्कोहोल. सहकारातून दारू गाळण्यापर्यंत मजल गेली. सहकारातून बसून पिण्याची सोय तेवढी कुणाच्या डोक्यात आली नाही. सगळ्यांनी परमिट रूम खासगी क्षेत्राला सोडून दिल्या.

मी उभा राहून संचालक मंडळ, भाग, लाभांश, लेखापरीक्षण यावर दहा मिनिटं बोललो. सगळे वह्या काढून लिहून घेत होते. ‘‘आणि चेअरमन पडला तर काय करायचं?’’ एकीनं विचारलं. मी म्हटलं, त्याचा मुलगा असतो.

पैशांचं गणित काढल्यावर चमक जरा ओसरली. आमचा पब कुठल्याच बिअर कंपनीचा मिंधा नाही, मालकीण हवी ती बिअर हव्या त्या कारखान्यातून आणते. ज्यांचे पब मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे असतात त्यांना बहुधा त्याच कंपनीकडून, ती सांगेल त्या भावानं माल घ्यावा लागतो. तो जाच हिला नाही. पण इमारत तिची नाही, भाड्याची. आणि लंडनमध्ये जमिनीला जो भाव आहे त्यात तिथं सात पौंडांचा पाइंट विकणं म्हणजे मालकाच्या दृष्टीनं निव्वळ नासाडी. सन 2000 मध्ये ब्रिटनभर सुमारे 60 हजार पब होते, आता 45 हजारांच्या घरात उरलेत. सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, 2007 पासूनची धूम्रपानबंदी, न पिणारी तरुण पिढी अशी कारणं सांगतात. माझ्या मते ही सगळी सोबतची वऱ्हाडी मंडळी. नवरदेव जमिनीचा भाव.

बिल्डरनं मग तडजोडीचा नकाशा आणला. पब राहू दे, फ्लॅट फक्त वर. निम्मी समिती खूश झाली. कुत्रेवाला शेजारी मात्र म्हणाला, वर राहायला येणारा पहिल्याच शनिवारी आवाजाची तक्रार करणार. बरोबर होतं त्याचं. ‘ऐतिहासिक पबच्या वर, चैतन्यमय परिसरात’ अशी जाहिरात वाचून माणूस घर घेतो आणि महिन्याभरात कौन्सिलला कळवतो की खाली लोक हसतात. नव्यानं येणाऱ्यानंच बंदोबस्त करावा, असं धोरण 2018 पासून इंग्लंडच्या नियोजनात आलंय. पण धोरण रात्री अकराला फोन उचलत नाही.

शेवटी कौन्सिलच्या समितीनं अर्ज फेटाळला. कारण आमच्या हरकतींचं नव्हतं. कचऱ्याचे डबे ठेवायची जागा नियमापेक्षा लहान निघाली आणि मागच्या दोन फ्लॅटना पुरेसा उजेड नव्हता. सार्वजनिक जागा नष्ट होते, हा मुद्दा तिसऱ्या क्रमांकावर होता. आजोबांच्या फेसाचा उल्लेख कुठंच नव्हता, ते आजही त्यावर नाराज आहेत. बिल्डर अपिलात जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मावशीला कळवलं. तिनं अभिनंदन वगैरे केलं नाही. म्हणाली, ‘‘आमची बाटली आडवी झाली ना, ती गडगडत नदीपलीकडच्या गावात गेली. तिथं दोन दुकानं झाली. आता पूल झालाय, त्यामुळे लोकांना बरं पडतं.’’ मग जरा थांबून, ‘‘तुमची उभी ठेवलीत, पण तिथं बसणार कोण? सही करणारे बसत नसतात. मी त्या दुकानाविरुद्ध नऊशे सह्या घेतल्या, त्यातले तीनशे तिथले रोजचे गिऱ्हाईक होते.’’

विजयाची संध्याकाळ फार थोर झाली. त्यानंतरच्या मंगळवारी पबमध्ये आजीबाई, कुत्रा आणि मी.

तेव्हा समितीनं मावशीच्या सल्ल्यावरून एक तक्ता केला. कोणत्या वारी, कोणत्या वेळेला कुणी येऊन बसायचं. सोसायटीत रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावतात तोच नमुना, आणि पळवाटाही त्याच: एकाची पाठ दुखते, एकाकडे पाहुणे येतात, एकाला गुरुवार चालत नाही. मला मंगळवार दुपार आली. मी ती निष्ठेनं पाळतो. लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो, एक लाइम सोडा मागवतो आणि तीन तास पबला पाठिंबा देतो. वाय-फाय चांगलं आहे. हिटरही त्याच बाजूला आहे.

परवा मालकीण टेबल पुसायला आली. म्हणाली, तू दर मंगळवारी न चुकता येतोस, मला त्याचं फार अप्रूप आहे. मी संकोचून म्हटलं, हे तर कर्तव्यच. ती म्हणाली, ‘‘हो, पण हे टेबल सहा जणांचं आहे.’’

मी लॅपटॉप उचलला आणि जाता जाता चीज-अनियन चिप्सचं एक पाकीट घेतलं. मोठं.